खिडकीतली मडम

माझं लग्न झालं त्या वर्षी आमच्या घरात बायका तीन होत्या. माझी आई, माझी बायको आणि मडम. पहिल्या दोघींची समजूत काढता काढता मी तिसरीला विकायला निघालो आणि शेवटी तिघींनी मिळून मलाच जागेवर बसवलं, त्याची ही हकीकत. तीत माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं काही नाही. तरी मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगायला बसलं की माझा भाग उगाच रंगवून सांगतं.

मडम म्हणजे एक लोखंडी चूल. माझे वडील निजामी अमदानीत रस्तेखात्यात कारकून होते. त्यांच्या खात्याचे इंजिनियर साहेब विलायतेत शिकून आलेले. येताना ते ही चूल घेऊन आले होते. संस्थान गेलं, साहेब सामान बांधून निघाले, पण चूल काही कुणाला उचलेना. तेव्हा ते वडिलांना म्हणाले, "तुम्हीच ठेवा." बाबांनी ती बैलगाडीत घालून आमच्या गावी, मुरुमला आणली. चार वाकडे पाय, डोक्यावर झाकणाची दोन भोकं, पोटाला लाकडं घालायचं दार, त्याच्या शेजारी आणखी एक दार आणि त्याआड भाजायचा लोखंडी कप्पा. मागून धूर जायला हत्तीच्या सोंडेसारखं नळकांडं. गाडीतून उतरताना तिनं एका गड्याच्या पायाचा अंगठा चेचला, तेव्हा आई म्हणाली, "आली बाई मडम!" तेव्हापासून ती मडम.

साहेबांच्या बंगल्यात ही चूल खोलीच्या आत होती, म्हणून आमच्याकडंही ती आतच असली पाहिजे, असा बाबांचा हिशेब. थंड मुलखात तिच्यानं घर ऊबदार राहतं, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. मुरुमला चैत्र-वैशाखात घर ऊबदार ठेवायला काय करावं लागतं, हे कुणी विचारलं नाही. आमचं घर सपाट मातीच्या छताचं, माळवदाचं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर. माजघराला एकच खिडकी, अंगणाच्या बाजूला. बाबांनी मडम त्या खिडकीशी उभी केली, नळकांडं खिडकीतून बाहेर काढलं आणि उरलेली खिडकी दगडमातीनं लिंपून टाकली. माजघरात त्या दिवशी जो अंधार झाला तो पुढं बाबा वारल्यावरही तसाच राहिला. माळवदाला वर सवणं होतं, म्हणजे धूर जायला ठेवलेलं भोक. त्यातून ताटाएवढा उजेड तेवढा खाली यायचा.

रोजचा स्वयंपाक आई मागं मातीच्या चुलीवरच करायची. मडमेत साहेबाच्या घरी काय काय शिजलं असेल, याची तिला खात्री नव्हती. पण ह्याच गोष्टीमुळं मडमेला गल्लीत निराळाच मान होता. तिला सोवळं-ओवळं नव्हतं. म्हणून तिच्यात कुणाचंही भाजलेलं चालायचं. मुरुमला तेव्हा बेकरी नव्हती. दिवाळी आली, ईद आली, कुणाच्या घरी लग्न निघालं की नानकटाई भाजायला गल्ली आमच्याकडं यायची. येताना प्रत्येकीनं आपापलं लाकूड आणायचं, ही रीत. मडमेबरोबर आलेले दोन मोठे काळे पत्रे होते. त्यांवर सगळ्या घरांच्या नानकटाया ओळीनं मांडायच्या.

मग कुणाची कुठली हे कळावं कसं? त्यासाठी खुणा होत्या. शेजारच्या खाला मधोमध अंगठ्यानं खळगा करून त्यात एक चारोळी बसवायच्या. समोरच्या सोनारीण काकू बांगडीची कड दाबून अर्धचंद्र काढायच्या. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या मामी मापट्याच्या बुडाचा गोल शिक्का मारायच्या. आम्ही सुरीनं फुली मारायचो. खुणेत गल्लीची सगळी अब्रू होती. कारण तेव्हा डब्यातलं वनस्पती तूप नुकतंच बाजारात आलं होतं, आणि प्रत्येक घर शपथेवर सांगायचं की आमचं तूप घरचं आहे, शेजारणीचं मात्र बघावं लागेल. चुकून शेजारणीची नानकटाई आपल्या डब्यात आली तर ती खायची की परत द्यायची, यावर दुपारभर बोलणं व्हायचं.

एवढं सगळं छान होतं. पण भाजणं माजघरात आणि बायका बाहेर. आमचे देव आणि पिण्याचं पाणी माजघराला लागूनच. त्यामुळं खाला आपणहूनच अंगणातल्या पायरीवर बसायच्या, आणि त्यांच्याशी बोलायला म्हणून बाकीच्या दोघीही तिथंच टेकायच्या. आई एकटी आत धुरात. भाजलेला पत्रा बाहेर आणून दाखवायचा, दोन वाक्यं बोलायची, की पुन्हा आत. मला हे लहानपणापासून दिसत होतं. दिसणं आणि कळणं यांत किती अंतर असतं, हे मोजायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही.

तर अशा घरात माझी बायको सोलापुराहून शिवायचं हातमशीन घेऊन आली. माहेरी तिनं शिवणाचा वर्ग पुरा केला होता. कापड नुसतं हातात घेऊन ती सांगायची की यात दोन पोलकी बसतील की तीन. पण शिवायचं कुठं? सोप्यात माझ्याकडं येणारे लोक बसत, तिथं नव्या सुनेनं बसायचं नाही. अंगण रस्त्याला उघडं. राहिलं माजघर. तिथं ती सवण्यातून पडणाऱ्या उजेडात बसायची. पण तो उजेड उन्हाबरोबर चालायचा, म्हणून तीही चालायची. सकाळी मशीन पश्चिमेच्या भिंतीशी, मग वीतभर इकडं, मग हातभर इकडं. चार टाके घातले की उचल मशीन, सरकव. आणि उन्हं डोक्यावर आली की तो उजेडाचा तुकडा बरोबर मडमेच्या डोक्यावर जाऊन बसायचा. मग ती हात बांधून मडमेकडं बघत बसायची.

पंचमीला माझे थोरले मेव्हणे बहिणीला भेटायला आले. मशीनवर झाकलेला पलंगपोस त्यांनी उचलून पाहिला आणि मला म्हणाले, "पाव्हणं, हे असंच पडून राहणार असंल तर दिवाळीला हिला न्यायला येईन तवा मशीनबी घिऊन जातो. धाकटीचं लगीन जमायलंय. तिला तरी कामाला येईल."  बायकोनं मशीनकडं बघता बघता चहात दोनदा साखर घातली, तेव्हा पाहुणे समजायचे ते समजले. मी समजलो नाही.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. सासूसुना बोलत नसत असं नव्हे. मीठ कुठं आहे, पीठ किती मळू, हे सगळं चालायचं. पण मागणं मागायचं, एखाद्या गोष्टीवर मत द्यायचं, तर ते सुनेनं सासूला तोंडावर सांगायचं नाही. नवऱ्याकडून सांगायचं. सासूनंही उत्तर नवऱ्याकडूनच पाठवायचं. गल्लीतल्या सगळ्याच घरांत असं होतं. फक्त बाकीच्या घरांत निरोप्या मी नव्हतो.

आणि निरोप्या म्हणून माझा मला फार अभिमान! माझं शिक्षण अर्धं उर्दूत झालेलं, संस्थान गेल्यावर अर्धं मराठीत. मी शाळेत मास्तर, आणि पहिलीतली निम्मी पोरं घरी कानडी बोलणारी. पोराचा बाप कानडीत तक्रार घेऊन आला की हेडमास्तर मला हाक मारत. मी इकडचं तिकडं, तिकडचं इकडं करायचो. तीन भाषा खेळवणाऱ्या माणसाला एका घरातल्या दोन मराठी बायका काय जड, असं मला वाटे. वर मास्तरकीमुळं एक सवय लागली होती. कुणीही काहीही बोललं की मी त्याचा सारांश काढायचो.

एका बाजारच्या दिवशी आई बाहेर गेलेली पाहून बायको म्हणाली, "अहो, तेवढं खिडकीचं बघा की. मडम जरा सरकवता आली तर आत्याबाईंना विचारा. मला उजेड होईल आणि..."

पुढचं मी ऐकलं नाही. मुद्दा समजला होता.

संध्याकाळी आई तीळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "आई, ती म्हणती, मडम आता काढून टाकावी."

"काढून कुठं टाकावी?"

हे काही बायकोनं सांगितलं नव्हतं. पण विद्यार्थी अडला तर मास्तरानं वाक्य पुरं करायचं असतं. "विकावी," मी म्हणालो.

आईचा हात सुपातच थांबला. "तिला म्हणावं, मी डोळे मिटल्यावर विका." आणि सूप खाली ठेवून, "आता ती आतच पाहिजे असं माझं..." ती पुढं आणखी काहीतरी म्हणत होती. पण निरोप माझ्यापुरता पुरा झाला होता, म्हणून मी उठलो होतो.

डोळे मिटण्याची अभद्र भाषा नव्या सुनेला कशाला ऐकवायची, म्हणून मी ती गाळली. "आई म्हणती, मडम जागची हलणार न्हाय."

"बरं," बायको म्हणाली. "मग दादाला सांगते मशीन न्यायला. इथं गंजण्यापेक्षा धाकटी तरी शिवंल." एवढं बोलून तिनं मशीनवर पलंगपोस घातला आणि चारी कडा नीट खोचल्या.

हे आईला जसंच्या तसं सांगितलं तर भांडण व्हायचं. म्हणून मी ते मऊ केलं. "आई, मशीनचं तिला एवढं काय न्हाय म्हणती."

"एवढं काय न्हाय? मग शिकली कशाला?" आईनं नवलानं विचारलं.

ते नवल मला बायकोपर्यंत नेता आलं नाही. शब्द तेवढे नेले. "आई विचारत होती, शिवण शिकून काय फायदा." त्यानंतर दोन दिवस माझ्या ताटात भाकरी वाढली जायची, पण "आणखी वाढू का" हे कुणी विचारायचं नाही.

ह्यातून मी एक निष्कर्ष काढला. दोन बायका एका चुलीवरून अडल्या आहेत, तर चूलच नाहीशी केली पाहिजे. माझी ओळख होती जवळच्या लोहारा गावच्या एका हॉटेलवाल्यांशी. गोल चेहरा, मेंदी लावलेली दाढी, आणि मोटारस्टँडवर चहाबरोबर खारी ठेवायचं मनात असलेले. त्यांना मडमेचं वर्णन सांगितलं तर ते खूश झाले. पण म्हणाले, "मास्तर, चालताना बघितल्याबिगर मी बैल घेत न्हाय अन् पेटलेली बघितल्याबिगर चूल घेत न्हाय. पेटवून दाखवा. दिवाळीच्या आधी येतो."

बायकोला मी सांगितलं, मडम गेलीच म्हणून समज. तिचा चेहरा उजळेल या आशेनं मी थांबलो. ती नुसती म्हणाली, "गेली म्हणजे?" मला वाटलं, आनंदानं तिला सुचेना.

आईला सांगायला मी आदल्या दिवसापर्यंत धीर गोळा केला. "आई, लोहाऱ्याहून एक जण मडम बघायला येणार हायत."

आईनं मडमेच्या डोक्यावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाली, "दिवाळीची भट्टी व्हायची हाय."

"शेवटची होऊन जाऊ दे. त्यांनाबी पेटलेलीच बघायची हाय."

"व्हय? मग तूच पेटव. मी हात लावणार न्हाय. विकणाऱ्याला पेटवता बी यावी."

माझं मडमेविषयीचं ज्ञान तोवर फक्त खाण्याच्या बाजूचं होतं. पण मास्तराला मुलांसमोर न येणारं गणितही सोडवून दाखवावं लागतं, त्यामुळं मी घाबरलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाले मोटारीनं आले आणि अंगणात बाजेवर बसले. खाला, काकू, मामी आपापली परात आणि आपापलं लाकूड घेऊन पायरीवर. मडम विकली जाणार ही बातमी गल्लीत पोचलेली होतीच. खाला मला म्हणाल्या, "मास्तर, आता आमच्या पोरीच्या लग्नाची नानकटाई काय तुमच्या शाळंत भाजायची जी?" काकू म्हणाल्या, "तिथं पोरं भाजत्यात." आई तोंड फिरवून तुळशीपाशी बसली होती. बायको स्वयंपाकघरात.

मी धोतर खोचलं, मडमेच्या पोटात तुराट्या भरल्या, वर बाभळीची लाकडं रचली आणि काडी लावली. नळकांड्यातून धूर निघाला. आगगाडीचं इंजिन सुटायला तयार झालं म्हणजे असाच धूर काढतं, हे मी सोलापुराला पाहिलं होतं. म्हणून लगेच सगळ्यांच्या नानकटाया मांडलेले दोन्ही पत्रे कप्प्यात सरकवले आणि दार लावलं. आई मात्र लाकडं जळून निखारे होईपर्यंत थांबायची, आत चिमूटभर पीठ टाकून ते तांबूस होतं का बघायची आणि मगच पत्रा आत घालायची. हे मला आता माहीत आहे.

बऱ्याच वेळानं दार उघडून पाहिलं. आत थंडावा नव्हता आणि उष्णताही नव्हती. होळीनंतर माजघरात असते तेवढी ऊब होती. त्या उबेत नानकटाया पाघळायला लागल्या होत्या. तूप सुटून त्या पसरत होत्या, जवळ येत होत्या, एकमेकींना भेटत होत्या. मी घाईघाईनं दार लावलं आणि उरलेल्या सगळ्या तुराट्या एकदम पोटात कोंबल्या. नळकांड्यात धूर कमीजास्त करायला एक चकती असते. ती कुठल्या बाजूला फिरवली म्हणजे उघडते हे मला ठाऊक नव्हतं. मी ती फिरवली. ती बंद झाली.

मग मडमेनं जे केलं ते तिच्या जागी कुणीही केलं असतं. नाका-तोंडानं, डोक्यावरच्या दोन्ही भोकांनी, सगळा धूर तिनं माजघरात सोडला. मी त्या धुरात चाचपडत, धोतराच्या सोग्यानं धरून दोन्ही पत्रे बाहेर अंगणात आणले आणि सगळ्यांसमोर ठेवले.

पत्र्यांवर नानकटाई नव्हती. प्रत्येक पत्र्यावर एकेक अखंड चादर होती. मधे पांढरी, पुढं पिवळी, कडेला काळी. अर्धचंद्र, फुल्या, शिक्के, काही काही उरलं नव्हतं.

"या अल्ला!" खाला वाकून बघत म्हणाल्या. "माझ्या चारोळ्या कुठं गेल्या?"

"ही बघा एक," काकूंनी बोट दाखवलं. "पर ती आमच्या बाजूला कशी आली?"

"वाहत आली असंल. तुमच्या बाजूला उतार हाय."

मामी पदर खोचून पुढं आल्या. "ही काळी बाजू आमची न्हाय, आधीच सांगते. आमचं तूप घरचं हाय. ते असं जळत न्हाय."

"मग आमचं काय डब्यातलं हाय व्हय?" काकू.

"मी कुठं म्हणलं? तुमच्या तोंडून आलं."

"पिवळी बाजू माझी," खाला म्हणाल्या. "पिवळी कुणाची बी नसली तर माझी."

ह्या गडबडीत हॉटेलवाल्यांनी चादरीचा कोपरा मोडून तोंडात टाकला होता. ते डोळे मिटून चावत होते. "मास्तर," ते म्हणाले, "चव बरी हाय. पर गिऱ्हाइकानं विचारलं, हे काय हाय, तर काय सांगू?"

तेवढ्यात माजघराच्या दारातून धुराच्या लोटाबरोबर माझी बायको बाहेर आली. डोळे लाल, पदर तोंडावर, खोकून खोकून बेजार. आणि लग्न झाल्यापासून कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. तुळशीपाशी बसलेल्या सासूकडं ती सरळ गेली आणि सगळ्या गल्लीदेखत म्हणाली, "आत्याबाई, पाया पडते, मडम विकू नका. पर एकदा अंगणात तरी काढा हो तिला!"

 काळ्या बाजूचा वाद जागच्या जागी थांबला.

आईनं मान वर केली. "विकू नका? अगं, तूच तर विका म्हणलीस."

"मी? मी कधी? मी म्हणलं, जरा सरकवता आली तर विचारा. खिडकी मोकळी होईल, मला शिवायला उजेड होईल, अन् तुम्हालाबी बाहेर सगळ्यांत बसून भाजता येईल."

"सरकवा म्हणलीस?"

"व्हय. अन् तुम्हीच म्हणलात, जागची हलणार न्हाय."

"मी म्हणलं? मी म्हणलं, ती आतच पाहिजे असं माझं कुठं म्हणणं हाय, बाहेर ठेवा, विकता कशाला!"

दोघींनी एकदम माझ्याकडं पाहिलं. मग खालांनी पाहिलं, काकूंनी, मामींनी. हॉटेलवाल्यांनी चावणं थांबवून पाहिलं. माझ्या हातात अजून तुराटीचं एक खुंट होतं. ते कुठं ठेवावं हे मला कळेना.

"अन् शिवण शिकून काय फायदा, हे?" बायकोनं सासूला विचारलं.

"असं मी म्हणीन? मशीनचं एवढं काय न्हाय, असं तू म्हणलीस म्हणून मला नवल वाटलं!"

"मी मशीनसाठी रोज सवण्याखाली बसून रडकुंडीला आले, अन् मी म्हणीन?"

चौकशी अशी वाक्यामागून वाक्य पुढं गेली. प्रत्येक वाक्य निघालं त्या तोंडी एक होतं आणि पोचलं त्या कानी दुसरं. मधल्या वाटेवर माणूस एकच. मी म्हणालो, "मी फक्त सारांश..."

"सारांश!" आई कपाळाला हात लावून हसायलाच लागली. "अगं, ह्याचं आजचं न्हाय हे. मडम आली त्याच दिवशी मी ह्याच्या बापाला निरोप धाडला होता. घरात वडीलधारी मंडळी, मी कशी बोलणार? ह्यालाच सांगितलं, पळत जा, बाबांना म्हणावं, आई म्हणती ही बाहेर ठेवा. हा गेला, आला, अन् म्हणला, बाबा म्हणतात आतच बरी दिसती. मी म्हणलं, असूदे. त्यांची हौस."

"आम्ही दहा-बारा सालं झाली, पायरीवर बसायलोय," खाला म्हणाल्या. "ती ह्याच्या पायी व्हय?"

मला त्या निरोपातलं काही आठवत नाही. त्या वयात मी बाबांपर्यंत पोचलो होतो की वाटेत गोट्या खेळत बसलो होतो, हेही सांगता येत नाही. पण माझ्या स्वभावाशी ते जुळतं, हे मात्र खरं.

हॉटेलवाले हात झटकत उठले. "म्हणजे चूल विकायची न्हाय?"

"न्हाय," सासूसुना एकदम म्हणाल्या.

"मग मला बोलावलं कशाला?"

"जेवायला," आई म्हणाली. "पर आधी जरा हात लावा."

मडम थंड होईपर्यंत चादरीचे तुकडे करून सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ले. कुणाचं तूप कुणाच्या तोंडात गेलं ते देव जाणे, पण त्या दिवशी तरी ते कुणी विचारलं नाही. मग गल्लीतली पुरुषमाणसं गोळा झाली, दोन जाड बांबू आणले, आणि हॉटेलवाल्यांनी "या अली" म्हणून पुढची बाजू उचलली. मला मागं ठेवलं होतं, बांबूला हात न लावता "जरा डावीकडं" म्हणण्यासाठी. तेही नंतर बंद करायला सांगितलं. मडम अंगणात लिंबाखाली गेली. जाताना तिनं एकाचाही अंगठा चेचला नाही.

शेवटी नळकांडं ओढून काढलं. त्याबरोबर बाबांनी लिंपलेली दगडमाती धडाधडा खाली आली आणि माजघरात ऊन शिरलं. सगळं माजघर एकदम दिसलं. भिंतींना मागं कधीतरी निळा रंग दिला होता हे मला त्या दिवशी कळलं. आई दारात उभी राहून चहूकडं बघत होती. "अगं बाई," ती सुनेला म्हणाली, "केवढी ही जळमटं! माणसं काय म्हणतील?" आणि सून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही केरसुणी द्या, मी काढते." दोघी बोलत होत्या आणि मधे मी नव्हतो. मला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

हॉटेलवाले जेवून निघाले तेव्हा आईनं उरलेली चादर त्यांना फडक्यात बांधून दिली. लोहाऱ्याला त्यांनी ती मोडून चहाबरोबर दिली, आणि नंतरच्या खेपेला हसत सांगितलं की लोक विचारतात, ती मुरुमची चादर परत कधी येणार. पुढं सणाच्या आधी ते स्वतःच पीठ-तूप घेऊन आमच्या अंगणात यायचे आणि खालांच्या शेजारी बसून आपली नानकटाई भाजून न्यायचे. त्यांची खूण किटलीच्या झाकणाची. ते पेटवायला मला कधी सांगत नसत.

दिवाळीला थोरले मेव्हणे आले. सोप्यात टेकले, पाणी प्याले आणि रीतीप्रमाणं मला म्हणाले, "मग पाव्हणं, मशीनचं काय ठरलं? घिऊन जायचं का ठिवायचं?"

मी घसा खाकरला. सांगण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं, आणि त्याचा सारांशही तयार होता.

"त्याला नका इचारू!" अंगणातून, मडमेच्या पोटातले निखारे सारत, आई ओरडली. तिच्या शेजारी खाला होत्या, काकू होत्या, मामी होत्या, आणि तिघी मिळून पत्र्यावर खुणा उमटवत होत्या. "तिलाच इचारा. ती काय, खिडकीत बसलीया."

मेव्हणे उठून माजघराच्या दारात गेले. खिडकीतून सबंध माजघरभर ऊन आलेलं होतं. बहीण खालांच्या पोरीच्या लग्नाचा कुर्ता शिवत होती, आणि मशीनच्या आवाजात तिला भाऊ आल्याचं कळलंही नव्हतं. पाय वाजले तशी तिनं वर पाहिलं, दातांतला दोरा तोडला आणि म्हणाली, "आलास व्हय दादा? बस. आधी सदऱ्याचं माप दे."

मेव्हणे हात पसरून उभे राहिले. मी मदतीला म्हणून पट्टी धरायला पुढं झालो, तर ती म्हणाली, "तुम्ही नका. तुम्ही लाकडं बघा."